बेगमीच्या निकषावर हिंगोली

दुष्काळ पडो, महामारी येवो किंवा वीजच आठवडाभर खंडित होवो, ज्याच्या कणगीत धान्य, विहिरीत पाणी आणि गोठ्यात दुभते जनावर आहे त्याला सरकारी मदतीच्या मोटारीची वाट पाहावी लागू नये, अशा स्वयंपूर्ण वास्तव्यास कोणता प्रदेश अनुकूल, याची चिकित्सा अलीकडे पाश्चात्त्य देशांत मोठ्या हिरीरीने चालते. अमेरिकेत आयडाहो-मोंटानासारखी विरळ वस्तीची राज्ये लोक याच दृष्टीने धुंडाळतात. स्वीडनच्या सरकारने तर 2018 साली, संकट वा युद्ध ओढवल्यास घरात काय साठवून ठेवावे हे सांगणारी पुस्तिका घरोघरी धाडली. मिरगाच्या आधी सरपण, गोवऱ्या आणि डाळी यांची बेगमी करणाऱ्या आमच्या गृहिणींना त्या पुस्तिकेत विशेष नवल वाटले नसते. परंतु एखादा संपूर्ण जिल्हा या निकषावर तपासून पाहण्याचा उद्योग आपल्याकडे सहसा कोणी करीत नाही. म्हणून 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा काढलेला, हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत आणि औंढा नागनाथ अशा पाच तालुक्यांचा हिंगोली जिल्हा येथे विचारास घेतला आहे. 2011 च्या खानेसुमारीत त्याची लोकसंख्या 11,77,345 भरली, आणि शंभरातील सुमारे 85 माणसे खेड्यांत राहणारी निघाली. म्हणजे शहरी गर्दीचे भय येथे जवळजवळ नाहीच.

प्रथम पायाखालची भूमी, कारण तिच्या बाबतीत थोडा विनोद घडला आहे. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभारावयाची, तर जमिनीचे कंपन अत्यल्प असलेली, कारखाने आणि वर्दळ यांपासून दूरची जागा हवी, म्हणून शास्त्रज्ञांनी औंढा तालुका पसंत केला आणि केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. पुढच्याच वर्षी, 21 मार्च आणि 10 जुलै रोजी, याच जिल्ह्यात केंद्र असलेले 4.5 तीव्रतेचे भूकंप झाले. वेधशाळेला लागणारी शांतता आणि घराला लागणारी शांतता या निराळ्या असतात, हे मान्य करूनही, किल्लारीचा 1993 चा अनुभव ज्या मराठवाड्याने घेतला आहे तेथे दगडमातीच्या जाड भिंतींचे घर बांधणाऱ्याने या नोंदीकडे दुर्लक्ष करू नये.

पाण्याच्या प्रश्नात नकाशा फसवा ठरतो. उत्तर सीमेवर पैनगंगा आणि तिच्यावरचे इसापूर धरण, दक्षिणेस पूर्णेवर येलदरी व त्याखाली सिद्धेश्वर, मधून वाहणारी कयाधू, आणि वर्षाला आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस, एवढे पाहिल्यावर जिल्हा सुजल वाटतो. पण धरण कोठे आहे यापेक्षा कालवा कोणीकडे जातो हे विचारावे. पूर्णेच्या कालव्यांनी वसमतचा काळ्या जमिनीचा पट्टा भिजतो आणि पुढे पाणी परभणी-नांदेडकडे जाते. इसापूरच्या पाण्याचा मोठा वाटा नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांना मिळतो. सेनगाव आणि औंढ्याचे माळरान मात्र पावसाच्या आणि विहिरीच्या भरवशावर जगते. खाली काळा पाषाण. पाणी मुरते ते त्याच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, आणि तेवढा साठा उपसून झाला की विंधनविहीर कितीही खोल नेली तरी ती खर्चाचीच खोली ठरते. सरासरी पावसावर भिस्त ठेवणारा फसतो, कारण बेगमी सरासरी वर्षासाठी करावयाची नसतेच.

आता धान्य, आणि माझ्या मते जिल्ह्याचा खरा निकाल येथेच लागतो. मराठवाड्यात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. जमिनीत खोल खड्डा घेऊन, तळाशी व बाजूंना कडबा-भुसा लावून, तोंड मातीने लिंपून टाकले म्हणजे आत हवा उरत नसे, कीड जगत नसे आणि धान्य वर्षानुवर्षे टिके. इतके की, पेव उघडल्यावर आतला कोंडलेला वायू निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे, कारण घाईने उतरलेली माणसे गुदमरून मेल्याचा अनुभव गावोगावी होता. पुढे पेवे बुजली. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राला अमेरिकेतून आलेली लाल मिलो खावी लागली आणि रोजगाराच्या कामावर सुकडी वाटावी लागली, ती आठवण वृद्धांच्या जिभेवर अद्याप आहे. आज शिवारात ज्वारी आणि करडई मागे हटून सोयाबीन, कापूस आणि हळद पुढे आली आहे. हळदीबद्दल अभिमान वाटावा अशीच स्थिती आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिंगोलीच्या बाजारात तिचे ढीग पाहिले की डोळे दिपतात. तथापि हळदीची भाकर होत नाही, सोयाबीनचे तेल गावच्या घाण्यावर निघत नाही, आणि त्याच्या कुटाराला कडब्याची सर येत नाही. त्यामुळे गोठा रिकामा होतो आणि गोठ्याबरोबर शेणखतही जाते. श्रीमंत शेतकरीसुद्धा पीठ आणि तेल दुकानातून आणतो, ही विसंगती कोणत्याही शासकीय तक्त्यात दिसत नाही. एक गोष्ट त्याच्या बाजूची: सोयाबीनचे बियाणे उगवणशक्ती तपासून घरचेच वापरता येते, हळदीचे बेणेही घरचे ठेवता येते, कापसाचे संकरित बियाणे मात्र दरसाल विकत घ्यावे लागते.

दळणवळण आणि वैद्यकीय मदत यांविषयी थोडक्यात सांगता येईल. अकोला-पूर्णा लोहमार्ग आणि अकोला-नांदेड हमरस्ता जिल्ह्यातून जातात, आणि 2024 मध्ये हिंगोलीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळाले. उलट, सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यांतून आणि वाड्यांतून दरवर्षी दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीस बाहेर पडतात. ज्या गावाची तरुण मंडळी चार-सहा महिने गावात नसतात त्या गावाची स्वयंपूर्णता कागदावरचीच मानावी लागेल.

मला निवड करावयास सांगितली, तर वसमतचा बागायती पट्टा बाजूस ठेवून मी कळमनुरी तालुक्यात, कयाधू आणि पैनगंगा यांच्या मधल्या भागात, अर्धी काळी व अर्धी मुरमाड जमीन, एक जुनी बांधीव विहीर आणि जवळ चराईची टेकडी असलेले गाव पाहीन. खरिपात तूर आणि ज्वारी, रब्बीत हरभरा आणि करडई घेईन, आणि हळदीला एखादाच एकर देईन. मात्र बाहेरच्या उत्साही माणसाने सातबाऱ्यावरील इतर हक्क आणि विहिरीतील हिस्से तपासण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: मराठवाड्यात अद्याप 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा लागू आहे, आणि जो मुळात शेतकरी नाही त्याला येथे सरकारी परवानगीवाचून शेतजमीन खरेदी करता येत नाही.