भाव आला, पण पानावर दिसला नाही!
ब्राउझरची आडकाठी आणि सर्व्हरची परवानगी

अर्धापूर : नांदेड-हिंगोली मार्गावरील अर्धापूर परिसर केळीच्या बागांसाठी मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. केळी हा नाशवंत माल असल्याने घड उतरविल्यानंतर भावाची वाट पाहण्यास फारसा अवधी नसतो. त्यामुळे दिवसाचा भाव वेळेवर समजण्याला येथे विशेष मोल आहे. केंद्र सरकारचे ‘ॲगमार्कनेट’ बाजार समित्यांमधील आवक व भाव प्रसिद्ध करते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘डेटा डॉट जीओव्ही डॉट इन’ या व्यासपीठाने शासकीय माहिती थेट संगणक प्रणालींना मिळण्याची सोय केली. एका सर्व्हरवरील माहिती दुसऱ्या संकेतस्थळाने मागवून दाखविणे आता नित्याचे झाले आहे. मात्र या देवघेवीत एक अडचण हटकून उभी राहते.

समजा, अर्धापूर येथील एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीने भाव दाखविणारे पान एका पत्त्यावर ठेवले आणि भावांचा साठा दुसऱ्या पत्त्यावरील सर्व्हरवर ठेवला. पान उघडते, परंतु भावांचा तक्ता रिकामाच राहतो. तोच दुसरा पत्ता ब्राउझरमध्ये थेट टाकल्यास मात्र आकडे व्यवस्थित दिसतात. सर्व्हर सुरू आहे, जोडणी शाबूत आहे, तरीही माहिती पानापर्यंत पोहोचत नाही. कारण तिला ब्राउझरनेच अडविलेले असते.

बंदी कशासाठी?

या बंदीचे मूळ १९९५ मध्ये आहे. त्या वर्षी ‘नेटस्केप नॅव्हिगेटर’ या ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा आली आणि तिच्यासोबत ‘समान उगम धोरण’ही आले. पत्त्यातील प्रोटोकॉल, यजमानाचे नाव आणि पोर्ट क्रमांक या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच दोन पत्त्यांचा उगम एक मानला जातो. एक पत्ता ‘एचटीटीपी’ने आणि दुसरा ‘एचटीटीपीएस’ने सुरू होत असेल, तरीही ते परस्परांना परके ठरतात.

हा नियम ग्राहकाच्या हिताचा आहे. एखाद्याने एका टॅबमध्ये बँकेचे खाते उघडले आणि दुसऱ्या टॅबमध्ये अनोळखी संकेतस्थळ पाहिले, तर त्या संकेतस्थळाला खातेदाराच्या नावाने बँकेकडे विचारणा करून उत्तर वाचता येऊ नये, हा त्यामागील हेतू आहे. विचारणा अनेकदा सर्व्हरपर्यंत जाते आणि उत्तरही परत येते. फक्त ते मागणाऱ्या पानाच्या हाती दिले जात नाही.

परवानगी कोण देतो?

रास्त कारणासाठी माहिती मागणाऱ्यांची या नियमाने कोंडी होऊ लागली. त्यावर उपाय म्हणून ‘क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग’ अर्थात ‘कॉर्स’ ही पद्धत आकारास आली आणि जानेवारी २०१४ मध्ये ‘वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम’ने तिला मान्यता दिली. यात माहिती मागणाऱ्याने काहीही केले तरी उपयोग नसतो; परवानगी माहिती बाळगणाऱ्या सर्व्हरनेच द्यावयाची असते. त्यासाठी तो उत्तरासोबत ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’ या शीर्षओळीत परवानगी दिलेला पत्ता नमूद करतो. ‘अपाचे’ सर्व्हरवर ‘हेडर सेट’ आणि ‘एनजिनएक्स’वर ‘ॲड हेडर’ या आज्ञेने ती ओळ जोडता येते.

माहिती केवळ वाचावयाची असेल तर बहुधा एवढे पुरते. नोंद बदलावयाची किंवा पुसावयाची असेल, अथवा ‘जेसन’ स्वरूपात माहिती पाठवावयाची असेल, तर ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ प्रकारची चौकशी करतो. तिला ‘प्रीफ्लाइट’ म्हणतात. कोणत्या पद्धती आणि कोणत्या शीर्षओळी चालतील, याचे उत्तर मिळाल्यावरच मूळ विनंती निघते. अनेक सर्व्हरवर या चौकशीची सोयच केलेली नसते आणि काम तेथेच अडते. एनजिनएक्सवर आणखी एक बारकावा आहे. आज्ञेला ‘ऑलवेज’ हा शब्द जोडला नाही, तर चुकीच्या उत्तरांसोबत ही ओळ जात नाही. मग खरी चूक वेगळीच असूनही ब्राउझर परवानगीचीच तक्रार करीत राहतो.

घाईतील तोडगा महागात

अशा वेळी सर्रास वापरला जाणारा तोडगा म्हणजे पत्त्याच्या जागी तारांकन देणे, म्हणजेच सर्वांना मुभा देणे. बाजारभावासारख्या सार्वजनिक माहितीसाठी हे योग्यच आहे. परंतु लॉगिन असलेल्या सेवेसाठी, जेथे शेतकऱ्याचा खाते क्रमांक किंवा देयकांचा हिशेब असतो, तारांकन चालत नाही. कुकीसह केलेल्या विनंतीला ब्राउझर ते मान्य करीत नाही. मग काही जण विचारणाऱ्याचा जो पत्ता येईल तोच जसाच्या तसा परत पाठवितात आणि सोबत कुकीचीही परवानगी देतात. तांत्रिक अडचण दूर होते, पण कुलूप लावून किल्ली दारातच टांगल्यासारखी स्थिती होते. सुरक्षा संशोधक जेम्स केटल यांनी २०१६ मध्ये अशा चुकांचा गैरवापर कसा होऊ शकतो, हे प्रत्यक्ष उदाहरणांसह दाखवून दिले होते. परक्या संकेतस्थळावरून कुकी पाठविण्यावर ब्राउझरांनी अलीकडे मर्यादा आणल्या असल्या, तरी केवळ त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे.

योग्य मार्ग असा, की परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी सर्व्हरवर ठेवावी, आलेला पत्ता त्या यादीशी अक्षरशः ताडून पाहावा आणि जुळला तरच त्याचे नाव उत्तरात लिहावे. पत्ता बदलता ठेवल्यास ‘व्हेरी : ओरिजिन’ ही ओळही द्यावी, अन्यथा मधल्या साठ्यातील एकाचे उत्तर दुसऱ्याला जाऊ शकते. आवश्यक तेवढ्याच पद्धतींना मुभा द्यावी.

कॉर्स म्हणजे सर्व्हरची तटबंदी नव्हे, हेही ध्यानात ठेवणे गरजेचे आहे. हा नियम फक्त ब्राउझर पाळतो. ब्राउझरबाहेरील प्रोग्रॅमला तो लागू नाही. त्यामुळे कोणती माहिती कोणाला द्यावयाची, याची तपासणी सर्व्हरने स्वतंत्रपणे करणे अपरिहार्य आहे. केळीचा भाव सर्वांना खुला असावा; तो विकणाऱ्याचा बँक खाते क्रमांक मात्र खुला होता कामा नये.