मोजण्यापूर्वीचे काम : संख्यात्मक संशोधनातील तथ्यसंकलन

दिनांक ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हापासून आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारला जातो : नागपुरात पाली जाणणारे लोक किती आहेत ? प्रश्न रास्त आहे. अभ्यासवर्ग कोठे काढावेत, शिक्षक किती लागतील, हे त्यावरच ठरावयाचे आहे. तथापि आमच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि ते का नाही हे सांगताना संख्यात्मक संशोधनातील तथ्यसंकलनाचे स्वरूप विद्यार्थ्यांसमोर ठेवता येईल असे वाटते.

काही वर्षांपूर्वी उत्तर नागपुरातील एका वस्तीत आम्ही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने एक पाहणी केली. अनुसूचीतील सातवा प्रश्न होता : 'आपणांस पाली भाषा येते काय ?' बहुतेक घरांतून 'होय' असे उत्तर आले. प्रथम आम्हांस आनंद झाला, नंतर शंका आली. एका घरी पुन्हा जाऊन विचारले असता आजी म्हणाल्या, "येते नं बाबू, रोज सकाळी वंदना घेतो नं आम्ही." आजींचे काहीच चुकले नव्हते. ज्यांना त्रिशरण-पंचशील मुखोद्गत आहे त्यांनी 'पाली येते' असे म्हणणे स्वाभाविक होते. दोष प्रश्नाचा, म्हणजेच आमचा होता. शंभर घरे अधिक घेतली असती तरी तो दोष निघाला नसता. उलट चुकीची संख्या अधिक भक्कम दिसू लागली असती.

म्हणून संकलनापूर्वी संकल्पनेची व्याख्या मोजता येईल अशा रूपात करावी लागते. 'पाली येणे' यात निदान चार निराळ्या गोष्टी आहेत : वंदना पाठ असणे, तिचा अर्थ सांगता येणे, पूर्वी न पाहिलेला पाली उतारा वाचून समजणे, आणि शाळेत वा महाविद्यालयात पाली हा विषय घेतलेला असणे. यांपैकी पहिली व चौथी विचारून कळते. दुसरी व तिसरी विचारून कळत नाही, पडताळावी लागते. देवनागरीत छापलेल्या चार ओळींचे एक कार्ड पुढे ठेवले की काम होते. दहा-पंधरा घरांत पूर्वचाचणी घेतली असती तर हे आम्हांस पहिल्याच दिवशी उमगले असते. आम्ही ती वेळेअभावी टाळली होती.

व्याख्येनंतर सीमा. विनयाच्या अभ्यासकास हा शब्द परिचित आहे. उपोसथासाठी संघ एकत्र यावयाचा तर कोणत्या परिसरातील भिक्षू 'संघ' म्हणून धरावयाचे, हे सीमा बांधून आधी निश्चित केले जाई. महावग्गातील उपोसथखंधकात गणनेचाही प्रसंग आहे. लोकांनी भिक्षूंना 'आपण किती आहात' असे विचारले आणि भिक्षूंना सांगता येईना; तेव्हा गणनेची अनुज्ञा मिळाली. मग केव्हा मोजावे हा प्रश्न निघाला, तेव्हा उपोसथाचा दिवस ठरला. कसे मोजावे, तर नावांनी किंवा शलाका घेऊन. कोण, केव्हा, कसे या तिन्हींचा निर्णय गणनेआधी झालेला आहे. याला आधुनिक संशोधनपद्धती म्हणण्याचा अतिउत्साह आम्ही करणार नाही, परंतु क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

हाच क्रम जनगणनेत मोठ्या प्रमाणावर दिसतो. १९६१ च्या जनगणनेचा संदर्भ-क्षण १ मार्चचा सूर्योदय हा होता. त्या गणनेत महाराष्ट्रात २७,८९,५०१ बौद्ध नोंदले गेले. १९५१ मध्ये ही संख्या २,५०० च्या आसपास होती. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा आहे, हे सर्वविदित आहे. पण अभ्यासकाने आणखी दोन बाबी पाहावयास हव्यात. पहिली सीमेची : १९५१ मध्ये नागपूर मध्य प्रदेशात होते व महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले, म्हणून 'महाराष्ट्राची' १९५१ ची संख्या ही मागाहून नव्या सीमेनुसार जुळवून घेतलेली आहे. दुसरी बाब उत्तरदात्याची : १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा बौद्धांना नव्हता, तो १९९० मधील दुरुस्तीने मिळाला. मधल्या काळात प्रगणकासमोर 'बौद्ध' हे उत्तर देताना अनेक कुटुंबांच्या मनात मुलांच्या सवलतींचा विचार येणे शक्य होते. ज्या उत्तराशी हानि-लाभ निगडित असतो, त्याची नोंद शब्दांइतकीच परिस्थितीवर अवलंबून असते. जून २०२५ मध्ये जिची अधिसूचना निघाली त्या जनगणनेचा संदर्भ-दिनांक १ मार्च २०२७ आहे व तीत जातीचीही नोंद होणार आहे; तिचे आकडे हाताळताना विद्यार्थ्यांनी हे विसरू नये.

आता नमुना. आमच्याकडे विद्यार्थी बहुधा विहारातील सभासदांची वही घेऊन येतात. त्या वहीतून विहारात येणाऱ्यांची माहिती मिळेल, वस्तीची नव्हे. वस्तीतील सर्व घरांची यादी स्वतः फिरून करावी, चिठ्ठी टाकून पहिले घर ठरवावे आणि पुढे दर पंधरावे (किंवा जो अंतराचा आकडा येईल ते) घर घ्यावे. साध्या यादृच्छिक नमुन्यात ९५ टक्के विश्वासपातळीवर चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवावयाची तर सुमारे ४०० एकक पुरतात; चूक निम्मी करावयाची तर चौपट, म्हणजे सुमारे १,६०० लागतात. चार मित्रांच्या बळावर प्रबंध लिहिणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. निवडलेल्या घरास कुलूप असल्यास शेजारचे घर घेऊ नये. वेगवेगळ्या वेळी तीनदा जावे आणि तरीही भेट न झाल्यास तसे लिहावे. दिवसा कुलूप असलेली घरे प्रायः मजुरीस जाणाऱ्यांची असतात. ती वगळली की वस्ती कागदावर आहे त्यापेक्षा सुखवस्तू दिसू लागते.

प्रगणक कसा असावा ? चुल्लवग्गात शलाका वाटणाऱ्या भिक्षूची, सलाकागाहापकाची, पाच लक्षणे दिली आहेत : तो छंद, द्वेष, भय व मोह यांच्या आहारी जाणारा नसावा आणि कोणी शलाका घेतली व कोणी घेतली नाही हे त्यास ठाऊक असावे. पाचवे लक्षण आम्हांस विशेष वाटते. अनुसूचीत 'नाही', 'माहीत नाही' आणि 'विचारलेच नाही' यांना तीन स्वतंत्र संकेतांक हवेत; आमच्या पाहणीत तिन्हींसाठी रेघ ओढलेली होती. मात्र त्याच प्रकरणात, कौल अधर्माच्या बाजूस गेला तर शलाका परत घ्याव्यात असेही सांगितले आहे. तो संघाचा विषय होय. संशोधकास ही सवलत नाही. निष्कर्ष न आवडल्यास त्याने अनुसूची फाडावयाची नसते.

आमच्या जुन्या अनुसूची संस्थेच्या कपाटात आहेत. सातव्या प्रश्नाचा रकाना आम्ही कोठेही वापरलेला नाही. नव्या पाहणीसाठी घरांची यादी करण्याचे काम सुरू असून ते रविवारी आणि संध्याकाळी सातनंतर चालते, कारण त्या वेळी दारे उघडी असतात. दर विसाव्या घरी दुसरा प्रगणक पुन्हा जाईल आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून तपासल्या जातील. कार्डावरील चार ओळी निवडताना एकच दक्षता घेतली आहे : त्या वंदनेतील नाहीत.