हलक्यात घेतलेले सामने

१९८२चं दिल्ली आशियाड म्हटलं की आपल्याकडे दोनच आठवणी निघतात: तेव्हा आलेला रंगीत टीव्ही आणि हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून खाल्लेले सात गोल. बास्केटबॉलचा विषय कुणी काढत नाही. त्याच आशियाडमध्ये पुरुष बास्केटबॉलचं सुवर्ण दक्षिण कोरियाने चीनच्या हातून ८५-८४ असं, एका गुणाने काढून घेतलं होतं. १९७८ ते १९९८ या काळात सहा आशियाई स्पर्धा झाल्या. चीनने त्यांतल्या पाच जिंकल्या, एक निसटली ती दिल्लीची.

कोरिया काही लिंबूटिंबू नव्हता, त्यामुळे त्या निकालाला धक्का म्हणणं जरा जास्तच होईल. खरा धक्का बसला तो आशियाडचा समारोप झाल्यावर १९ दिवसांनी, २३ डिसेंबरला, होनोलुलूत. अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये तेव्हा व्हर्जिनिया विद्यापीठ पहिल्या क्रमांकावर आणि अपराजित होतं. संघात सव्वादोन मीटरच्या आसपास उंचीचा राल्फ सॅम्पसन. जपानमधले सामने आटोपून घरी परतताना वाटेत हवाईला थांबून एक सामना उरकायचा होता. समोर शॅमिनाड, जेमतेम आठ-नऊशे विद्यार्थ्यांचं कॅथलिक विद्यापीठ. मोठी विद्यापीठं जिथे खेळतात त्या एनसीएएमध्येही ते नव्हतं, छोट्या कॉलेजांच्या निराळ्या संघटनेत खेळायचं. शॅमिनाडने ७७-७२ असा सामना जिंकला.

ही गोष्ट बहुतेक वेळा ‘बडे गाफील राहिले’ एवढ्यावर आटोपली जाते. मला ते पुरेसं वाटत नाही. सॅम्पसनवर ज्याला ठेवलं होतं तो टोनी रँडॉल्फ उंचीने त्याच्यापेक्षा सुमारे २५ सेंटिमीटरने कमी, पण मूळचा व्हर्जिनिया राज्यातलाच. शाळेच्या दिवसांपासून तो सॅम्पसनचा खेळ ओळखून होता. बास्केटखाली त्याच्याशी झुंजण्यात अर्थ नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून तो लांबून शॉट मारत राहिला आणि सॅम्पसनला बास्केटपासून दूर ओढत राहिला. सॅम्पसनचे गुण झाले १२. म्हणजे एका बाजूला प्रवासाने आंबलेला, नाताळच्या सुट्टीकडे डोळे लागलेला संघ होता आणि दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास झालेला एक माणूस. त्या एका निकालाने शॅमिनाडचं नाव एवढं झालं की १९८४पासून त्यांच्या यजमानपदाखाली माउई बेटावर एक स्पर्धा भरू लागली आणि देशातले नामांकित संघ तिथे हौसेने येऊ लागले.

गंमत अशी, की तेव्हा दुबळ्यांच्या हातात आजचं मुख्य हत्यारच नव्हतं. तीन गुणांची रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत १९८४ला आली आणि अमेरिकी कॉलेजांत १९८६-८७च्या हंगामापासून. तिने हिशेबच बदलला. लांबून मारलेल्या शंभरातले चाळीस शॉट पडले तर १२० गुण होतात. तेवढेच गुण जवळून करायला शंभरातले साठ पाडावे लागतात. उंच, धिप्पाड खेळाडू नसलेल्या संघाला हे गणित फार सोयीचं. त्यात खेळ संथ ठेवला, चेंडूचा ताबा दोघांकडे कमी वेळा येईल असं पाहिलं, की बलवानाला आपलं बळ दाखवायला संधीच कमी उरतात. बाद फेरीच्या एकाच सामन्यात एवढं पुरतं. सात सामन्यांची मालिका असेल तर नाही पुरत. म्हणून असे निकाल मालिकांनी विजेता ठरवणाऱ्या एनबीए या व्यावसायिक लीगपेक्षा कॉलेजच्या मैदानांवर जास्त दिसतात.

एनसीएएच्या बाद स्पर्धेत, ६४ संघांच्या मांडणीत, प्रत्येक गटातला पहिला मानांकित सोळाव्याशी भिडतो. पुरुषांमध्ये २०१८पर्यंत असे १३५ सामने झाले आणि १३५ही पहिल्याने जिंकले. १६ मार्च २०१८ला मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेने ही मालिका ७४-५४ अशी तोडली, आणि समोर पुन्हा व्हर्जिनियाच होतं! मध्यंतराला २१-२१ अशी बरोबरी होती. व्हर्जिनिया म्हणजे देशात सर्वांत कमी गुण देणारा संघ, पण एरवी एका अख्ख्या सामन्यात सरासरी जेवढे गुण द्यायचा तेवढे त्याने उत्तरार्धातच दिले. तीन गुणांच्या २२ प्रयत्नांतले व्हर्जिनियाचे पडले चार. २०२३ला पर्ड्यूची पाळी आली. फेअरली डिकिन्सन हा आदल्या हंगामात अवघे चार सामने जिंकलेला, उंचीत देशातला सर्वांत ठेंगणा संघ. तो आपल्या लीगचा विजेतासुद्धा नव्हता. विजेता मेरिमॅक नियमांमुळे अपात्र ठरला, म्हणून यांना जागा मिळाली. त्यांनी पर्ड्यूला ६३-५८ असं घरी पाठवलं. पर्ड्यू आधीच्या दोन वर्षांत तेराव्या आणि पंधराव्या मानांकिताकडूनही हरलं होतं. त्यांनी छोट्या संघाला हलकं लेखलं असं म्हणवत नाही, एवढे चटके बसल्यावर कोण लेखेल? गांभीर्याने घेऊनही माणूस हरतो. मात्र व्हर्जिनिया पुढच्याच वर्षी, २०१९मध्ये विजेतं ठरलं आणि पर्ड्यू २०२४मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेलं.

आपण भारतीय बराच काळ या गोष्टीच्या धाकट्या बाजूला आहोत. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये खेळायला मिळालं ते अनेक देशांच्या बहिष्कारामुळे, आणि तिथे आपण सगळे सामने हरलो. भारताशी सामना म्हणजे राखीव खेळाडूंना मैदान दाखवायची सोय, अशी मोठ्या संघांची समजूत असली तर नवल नाही. तरीही जुलै २०१४मध्ये वुहानला, चिनी प्रेक्षकांसमोर, भारताने चीनला ६५-५८ असं हरवलं. प्रशिक्षक अमेरिकन स्कॉट फ्लेमिंग होते. चीनवरचा तो आपला पहिला विजय. एकदा झालं तर योगायोग म्हणता आलं असतं. दोन वर्षांनी तेहरानला ७०-६४ असं पुन्हा हरवलं, आणि तेव्हा प्रशिक्षक होते सत्प्रकाश यादव.

दिल्लीत मात्र चित्र उलटं दिसतं. इथल्या कॉलेजांचे काही संघ स्वतःच बडे आहेत. क्रीडा कोट्यातून प्रवेश घेतलेले, राज्य पातळीवर खेळलेले खेळाडू एका कॉलेजात, आणि शेजारच्या कॉलेजात वसतिगृहातल्या उंच मुलांना गोळा करून उभा केलेला संघ. ड्रॉ लागला की पहिल्या फेरीतलं नाव वाचून कुणीतरी म्हणतंच, ‘हल्की टीम है’. त्यानंतर जे होतं त्याला माज म्हणणंही अन्यायाचं ठरेल, इतकं ते किरकोळ असतं. वॉर्म-अप निम्म्यावर सुटतो. रिबाउंडला प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन अडवायचं असतं, तिथे नुसतं चेंडूकडे बघितलं जातं. बचावाला धावत परतायचं ते चालत होतं. समोरचा संघ पाहायला कुणी जात नाही. दहा गुणांची आघाडी झाली की मुख्य पाच जण बेंचवर येतात, आणि आघाडी तीनवर आली की थंड अंगाने पुन्हा आत जातात. समोरच्या संघात एखादा लांबून शॉट मारणारा असला, तर तेवढ्यात काम होतं.

भारतीय विद्यापीठ संघाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत तर या सवयी फार महाग पडतात. विभागीय फेरी बाद पद्धतीची, शेवटच्या चौघांत साखळी, आणि ते चारच अखिल भारतीय स्पर्धेला जातात. दिल्ली उत्तर विभागात, म्हणजे पंजाब-हरियाणाच्या विद्यापीठांच्या रांगेत. अमृतसर, पतियाळा, चंडीगड ही नावं ऐकली की दिल्लीची मुलं पोटतिडकीने सराव करतात. पण वर्ष वाया जातं ते त्यांच्या आधीच्या फेरीत, नाव न ऐकलेल्या विद्यापीठापुढे.

२०१७मध्ये दिल्लीच्या शेजारी ग्रेटर नोएडात जेपी ग्रीन्सच्या क्रीडासंकुलात एनबीएची भारतीय अकादमी सुरू झाली. तिथून निघालेला प्रिन्सपाल सिंग २०२१ला सॅक्रामेंटो किंग्जच्या समर लीग विजेत्या संघात होता. तिथलाच अमान संधू न्यू जर्सीच्या मॉनमथ विद्यापीठात गेला. मॉनमथ म्हणजे लहान विद्यापीठ, पण २०१५-१६च्या हंगामात यूसीएलए, नोत्र दाम आणि जॉर्जटाउन या तिघांना त्यांनी लोळवलं होतं. त्यांच्या बेंचवरच्या राखीव मुलांची नाटकी जल्लोष तेव्हा अमेरिकाभर गाजला. अकादमीच्या मुलांना मोठ्यांच्या डोक्यात काय चालतं हे दिल्लीच्या शेजारीच कळलं असेल. छोट्यांच्या डोक्यातलं शिकायला मॉनमथसारखी जागा नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये जेद्दाहला आशिया चषकात भारताने जॉर्डनला जादा वेळेत खेचलं. विश्वचषक खेळलेला तो संघ ९१-८४ असा सुटला. मग चीनशी गाठ पडली. निकाल १००-६९. वुहान आणि तेहरान चीनच्या बेंचवर कुणी विसरलेलं दिसत नव्हतं.