देह हेच साहित्य

रंग, माती, दगड यांच्या जागी काही कलावंत स्वतःचा देह वापरतात आणि समोर कॅमेरा लावतात. कलेच्या या प्रकाराकडे आपल्याकडे अजून नीट पाहिलं गेलेलं नाही.

कॅमेरा हातात आला

1967 साली सोनीचा पोर्टापॅक आला. एकट्या माणसाला खांद्यावर नेता येईल असा हा व्हिडिओ संच होता. त्यामुळे निर्माता, तंत्रज्ञ, स्टुडिओ यांच्यावाचून काम करता येऊ लागलं. अमेरिकेत ब्रूस नॉमन आणि जोन जोनास या कलावंतांनी पुढच्या काही वर्षांत स्वतःवरच प्रयोग केले. स्त्री कलावंतांना याचं मोल अधिक होतं, कारण आपला देह कसा दिसावा हे आता त्यांनाच ठरवता येत होतं.

नटाहून वेगळं काय?

नट पडण्याचा अभिनय करतो. दिल्लीच्या कलावंत सोनिया खुराना 'बर्ड' (1999) या कृष्णधवल, मूक व्हिडिओत खरोखरच तोल जाऊन पडतात. विवस्त्र, भरदार शरीराची बाई पक्ष्यासारखं उडू पाहते, कोसळते, पुन्हा उठते. तिथे गोष्ट नाही, पात्र नाही. वजन आहे, धाप आहे.

रुमाना हुसेन

माझ्या मते या वाटेवरचं महाराष्ट्रातलं सर्वांत धाडसी काम मुंबईच्या रुमाना हुसेन यांचं. डिसेंबर 1992 मध्ये बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगली पेटल्या. मुसलमान स्त्री म्हणून आपल्याच शहरात असुरक्षित झालेल्या रुमाना यांना नुसतं चित्र अपुरं वाटू लागलं. 1995 मध्ये मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात त्यांनी 'लिव्हिंग ऑन द मार्जिन्स' सादर केलं. पायांत घुंगरू, हातात चिरलेली पपई, किंचाळण्यासाठी उघडलेलं तोंड. पण आवाज नाही. 1999 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. ज्या देहातून ही कला उभी राहिली तो देह आता नाही. म्हणून अशा कामाचं चित्रीकरण जपणं फार गरजेचं आहे.

कर्जतला हे परकं का नाही

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जत, राशीनच्या बाजारात देवीच्या नावाने कोरडा अंगावर ओढणारा पोतराज ज्यांनी पाहिला आहे, त्यांना देहाची भाषा समजावून सांगावी लागत नाही. मात्र पोतराज आणि हे कलावंत एकच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पोतराजाच्या पाठीवरचे वळ जातीने आणि गरिबीने लादलेले होते. कलावंत स्वतःहून पुढे येतो.

पाहायचं कसं?

कथानक शोधू नये. हालचाल किती वेळ चालते, शरीर कुठे थकतं, हे पाहावं. मोबाइलवर यातलं बरंच निसटतं. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या 2004 च्या सुमाराच्या एका कामात लष्करी छापाच्या कपड्यांतल्या अनेक बायका कवायत करतात. त्या सगळ्या शिल्पा स्वतःच आहेत. प्रेक्षकाने माउसने एकीला निवडलं की बाकीच्या तिचं अनुकरण करू लागतात. हुकूम आपण सोडतो आणि समोरच्या रांगा तो पाळतात. हा अनुभव चित्रफीत नुसती बघून मिळत नाही, त्यासाठी प्रदर्शनातच जावं लागतं.