कोरियन स्नेह्याचे ताट, आपला नियम

पुण्याच्या आसमंतात रांजणगाव आणि तळेगाव येथे कोरियन कंपन्यांचे मोठे कारखाने आहेत. साहजिकच कोरियन कुटुंबेही पुण्याच्या परिचयाची झाली आहेत. सांगलीची हळद-बेदाण्याची पेढी असो वा साताऱ्याचे कापडाचे दुकान, घरातले कुणी ना कुणी नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात असतेच. तेथे एखाद्या कोरियन कुटुंबाशी स्नेह जुळतो आणि एके दिवशी जेवणाचे आमंत्रण येते. नाही म्हणावे तर मन दुखावते, हो म्हणावे तर नियम मोडतो.

या पेचाचे बरेचसे उत्तर कोरियाच्याच इतिहासात आहे. इसवी सन 384 मध्ये मारानंत नावाचा भिक्षू चीनमार्गे बेक्जे राज्यात पोहोचला. परंपरा त्याला भारतीय मानते. तेथे रुजलेल्या बौद्ध मठांनी पुढे आपले वेगळे पाकशास्त्र घडविले. त्यास ‘साछाल उम्सिक’, म्हणजे मंदिराचे अन्न, म्हणतात. त्यात मांस-मासळी नाही. ‘ओशिनछे’ नावाची पाच उग्र द्रव्येही वर्ज्य आहेत. लसूण, कांद्याची पात व त्यांची भावंडे ही त्यांपैकी चार. पाचवे, ग्रंथांतील अर्थानुसार, चक्क हिंग! कांदा-लसणाविना चालणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरात ज्याच्यावाचून फोडणी होत नाही, तेच तेथे निषिद्ध. कारणही निराळे आहे. ही द्रव्ये चित्त चाळवितात, असे ते मानतात. आपल्याकडे जीवहिंसेचा विचार आधी येतो. म्हणूनच मुळा, कमळकाकडी यांसारखे कंद त्यांच्या मठात चालतात, आपल्याला चालत नाहीत.

तेव्हा यजमानाला केवळ ‘शाकाहारी आहे’ असे सांगून भागत नाही. किमची कोबीची दिसते, परंतु तिच्यात बहुधा ‘जॉत्गाल’, म्हणजे खारवून मुरविलेली कोळंबी किंवा मासळी असते. सारही पुष्कळदा सुक्या मासळीचे. गोड पदार्थांत मध असतो. त्याऐवजी तांदळाची काकवी, ‘जोछॉन्ग’, घातली आहे का, हे विचारावे. मातीच्या रांजणांत महिनोन्‌महिने मुरणारी सोयाबीनची लगदी आणि मिरचीचे वाटण हा त्यांच्या रांधण्याचा प्राण आहे. लोणच्याच्या मर्यादेचा काटेकोर विचार करणाऱ्या घरांना तेही वर्ज्यच. मात्र न मुरविता त्याच वेळी कालविलेली ‘गॉत्जॉरी’ मासळी-लसणाविना करता येते. उकडलेल्या पालकाला तिळाचे तेल लावून केलेले ‘नामुल’ लसणाविनाही उत्तम लागते. हे नेमके शब्द उच्चारताच यजमानाचा निम्मा संकोच ओसरतो.

मठातील भोजनविधी, ‘बारू गोंग्यांग’, तर आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहावा असा आहे. प्रत्येकापुढे चार वाडगे. हवे तेवढेच वाढून घ्यायचे आणि कणही उरू द्यायचा नाही. शेवटी वाडगी पाण्याने खळबळून ते पाणी पिऊन टाकायचे. ताट धुऊन पिणाऱ्या आजी-आजोबांना हसणाऱ्या नातवंडांना हे अवश्य सांगावे.

परतभेटीला तो पाहुणा सातारा-सांगलीकडे आला, की त्याला सांगण्यासारखे या मुलखाकडेही काही आहे. 1953 मध्ये कोरियन युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परतण्यास तयार नसलेल्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय सैन्याने केला. त्या दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे सांगलीला लागून असलेल्या कोल्हापूर मुलखातले. दक्षिण कोरियाचे तत्कालीन अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही. इंचॉन बंदरात आलेल्या जवानांना हेलिकॉप्टरने परस्पर निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळायला पुढे 1973 उजाडले.

पाहुण्याच्या ताटात काय वाढावे, याची काळजी नको. कोरियात भिजविलेले मूग वाटून ‘बिंदेत्तॉक’ करतात. तिकडे त्यात बहुधा मांस घालतात, इतकाच फरक. आपले मुगाचे धिरडे त्याला लगेच ओळखू येईल. सोबत चुरमुऱ्याचा लाडू ठेवावा. फुलविलेला तांदूळ पाकात बांधून केलेले ‘कांगजॉन्ग’ त्यानेही लहानपणी खाल्लेले असते. फक्त हे सारे दिवस मावळण्यापूर्वी वाढायचे असल्याने, पुण्याहून सकाळी लवकर निघण्याचा निरोप आदल्या दिवशीच धाडावा.