मित्र नापास झाला तर...

दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी पेढे वाटणारी घरे सगळ्यांना दिसतात. त्याच गल्लीत एखाद्या घराचे दार मात्र बंद असते. त्या घरातला मुलगा तुमचा मित्र असेल, किंवा मुलगी तुमची मैत्रीण असेल, तर तुम्ही काय कराल?

काही जण तिकडे जातच नाहीत, कारण काय बोलावे हे त्यांना सुचत नाही. काही जण जातात आणि लगेच उपदेश सुरू करतात. "आधीच अभ्यास केला असतास तर!" हे वाक्य खरे असले, तरी त्या दिवशी त्याचा काही उपयोग नसतो. मित्राला रडू येत असेल तर रडू द्या. त्याच्याजवळ बसा. दुसऱ्या कोणाचे गुण सांगू नका. 'दिलासा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. तो फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. त्यात 'दिल' आहे. म्हणून आधी मन सांभाळायचे. शहाणपणाच्या गोष्टी नंतर सांगायच्या.

मात्र "आता जगून काय करू?" असे तो म्हणाला, तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि गुपित म्हणूनही ठेवू नका. त्याच्या घरच्या मोठ्या माणसांना किंवा तुमच्या शिक्षकांना लगेच सांगा. तोपर्यंत त्याला एकटे सोडू नका. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

अपयशाच्या वेळी सोबत कशी करावी, हे डॉ. अब्दुल कलाम यांच्या आयुष्यातील एका प्रसंगावरून कळते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ हे रॉकेट सोडण्यात आले. कलाम त्या प्रकल्पाचे संचालक होते. काही मिनिटांतच रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले. त्या वेळी सतीश धवन हे 'इस्रो'चे अध्यक्ष होते. वार्ताहरांसमोर ते स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्यावर घेतली. नंतर शास्त्रज्ञांनी शांतपणे कारण शोधले. दुसऱ्या टप्प्यातील एक झडप बिघडली होती. १८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या रॉकेटने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोहोचवला. त्या दिवशी मात्र धवन यांनी कलामांनाच वार्ताहरांशी बोलायला सांगितले.

"सगळे रॉकेटच वाईट आहे" असे तेथे कोणी म्हटले नाही. नेमकी कोणती झडप बिघडली, हे त्यांनी पाहिले. तुमच्या मित्राला मराठीत शंभरपैकी २२ गुण पडले असतील, तर "मला मराठी येतच नाही" असे तो म्हणेल. चार दिवसांनी त्याच्या जुन्या वह्या घेऊन बसा आणि चुका शोधा. उर्दूत दोनच लिंगे आहेत, मराठीत तीन आहेत. उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, म्हणून तो 'माझी पुस्तक' असे लिहितो. मराठीत 'माझे पुस्तक' असे लिहावे लागते. 'फळ'मधला 'ळ' उर्दूत नाही, म्हणून त्याच्या हातून 'फल' लिहिले जाते. अशा चुका मोजता येतात, आणि मोजता येणारी चूक सुधारताही येते. पत्रलेखन त्याने भीतीने सोडूनच दिले असेल, तर तेथे फक्त सरावाची गरज आहे.

पुढचे मार्गही त्याला समजावून सांगा, कारण दुःखात असलेल्या मुलाला सगळी दारे बंद झाली असे वाटते. गुणांच्या बेरजेविषयी शंका असेल, तर मंडळाकडे गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. ती पाहिल्यावर पुनर्मूल्यांकनासाठीही अर्ज करता येतो. या अर्जांना मुदत असते व शुल्कही असते, म्हणून निकालानंतर लवकर चौकशी करावी. नापास झालेल्यांसाठी पूर्वी ऑक्टोबरमध्ये परीक्षा होत असे. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा जुलैमध्ये घेतली जाऊ लागली, त्यामुळे वर्ष वाया जात नाही. एक किंवा दोन विषय राहिले असतील, तर अकरावीत प्रवेश मिळण्याची सवलतही आहे. राहिलेले विषय मात्र पुढे सोडवावे लागतात.

पुरवणी परीक्षेचा अर्ज शाळेतूनच भरावा लागतो, आणि नापास झालेल्या मुलाला शाळेच्या फाटकातून आत जाण्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते. त्या दिवशी तुम्ही त्याच्याबरोबर शाळेत जा.