आधी नळी, मग दुर्बीण: पण प्रश्न नेमका कोणता?

पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकला की पित्त साचतं, पिशवी फुगते, सुजते आणि पुढे जंतुसंसर्गही होतो. यावर नेहमीचा इलाज म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढून टाकणं. पण पेशंट ऐंशीचा आहे, हृदय कमजोर आहे, रक्तदाब घसरलाय, तर पूर्ण भूल द्यायची कशी? अशा वेळी फक्त तेवढी जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत, बहुतेकदा यकृतातून पित्ताशयात बारीक नळी सोडतात. साचलेलं पित्त बाहेर पडतं, संसर्गाचा जोर ओसरतो. शस्त्रक्रिया नंतर, तब्येत सावरल्यावर.

ऐकायला अगदी पटतं. आता हे सिद्ध कसं कराल?

हॉस्पिटलच्या जुन्या फायली काढून ‘नळीवाले’ आणि ‘थेट शस्त्रक्रियावाले’ यांची तुलना केलीत, तर नळीवाल्यांत मृत्यू जास्त दिसण्याची शक्यता मोठी. पण दोष नळीचा की आजाराचा? डॉक्टरांनी नळी घातली तीच मुळी जास्त आजारी माणसांना! म्हणून गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडावे लागतात.

नेदरलँड्समध्ये तसं केलं गेलं. चाचणीचं नाव ‘चॉकलेट’ (खरंच!), निकाल 2018 साली प्रसिद्ध झाला. जास्त जोखमीचे 142 रुग्ण, 11 हॉस्पिटलं. मोठी गुंतागुंत थेट शस्त्रक्रियेच्या गटात 12 टक्के, नळीच्या गटात 65 टक्के. फरक इतका मोठा की चाचणी ठरल्यापेक्षा लवकर थांबवली. मृत्यूंचं प्रमाण 3 आणि 9 टक्के होतं, पण हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर टिकला नाही.

म्हणजे नळी बाद? थांबा, ‘पद्धती’चा भाग वाचा. ‘मोठी गुंतागुंत’ या एका शब्दात वर्षभरात पुन्हा करावा लागलेला उपचार आणि उलटून आलेला पित्ताचा त्रास हेही मोजलेत. पित्ताशय आत ठेवलं तर हे आकडे वाढणारच. शिवाय अपॅची-2 या मोजपट्टीवर 15 किंवा जास्त गुण असलेले, म्हणजे सगळ्यात गंभीर रुग्ण, चाचणीत घेतलेच नव्हते. आपण सुरुवात केली ती नेमकी त्यांच्यापासून.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा: नळीच्या गटात पुढे ठरवून शस्त्रक्रिया करायची, अशी योजनाच नव्हती. तिथे तुलना ‘नळी की शस्त्रक्रिया’ अशी होती. ‘आधी नळी, मग शस्त्रक्रिया’ तपासायचं तर दोन्ही गटांत शेवटी पित्ताशय निघायलाच हवं. एकात लगेच, दुसऱ्यात नळीनंतर काही आठवड्यांनी.